भाचीची फी, दाजींची तूर आणि महाडीबीटी

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात लागली. अक्का आणि दाजी बार्शी तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. ज्वारी, तूर, थोडं सोयाबीन. कॉलेजचं वर्षाचं शिक्षण शुल्क १ लाख १२ हजार, आणि दाजींच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे १ लाख ९० हजार. तरी ती शिकतेय, आणि पहिल्या वर्षाचं शिक्षण शुल्क आम्हाला भरावं लागलं नाही. हे कसं जमलं ते नात्यातल्या आणि गावातल्या इतक्या जणांनी विचारलं, की एकदा सगळं लिहूनच काढते. मी पुण्यात एका खासगी ऑफिसात हिशोब बघते. त्यामुळे या लिखाणात पावत्या जरा जास्त आहेत, चालवून घ्या.

शिष्यवृत्तीची सुरुवात लोक बारावीच्या निकालानंतर करतात. आमची ऑगस्ट २०२३ मध्ये, भाची बारावीत गेली तेव्हाच झाली, आणि त्याचं श्रेय तिच्या ज्युनिअर कॉलेजातल्या एका सरांना आहे. वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, "राखीव प्रवर्गातल्या सगळ्यांनी जात पडताळणीचा अर्ज दिवाळीच्या आत टाका. सीईटीनंतर धावाल तर जागा मिळेल आणि कागद मिळणार नाही." आम्ही माळी, म्हणजे इतर मागास प्रवर्ग. जातीचा दाखला आधीच काढलेला होता. पण पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरातल्या कुणाच्या तरी, त्या तारखेच्या आधीच्या कागदावर जात लिहिलेली असायला हवी.

दाजींचा शाळेचा दाखला १९८० च्या दशकातला, तो उपयोगाचा नाही. मग दाजींच्या वडिलांचा शोध. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते एवढंच माहीत. शाळेतल्या गुरुजींनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पानं इतकी जीर्ण की ते हात लावू देईनात, स्वतःच एकेक पान उलटत होते. १९५४ सालच्या नोंदीत नाव सापडलं, पुढे "हिंदू माळी". पण आडनाव नव्हतं, फक्त नाव आणि वडिलांचं नाव. त्या काळी तसंच लिहीत. प्रवेश-निर्गम उतारा मिळाला, आणि आडनावासाठी वंशावळीचं शपथपत्र जोडावं लागलं. त्याला आधार म्हणून जुना फेरफार उतारा काढला, त्यात आडनावासकट वारसनोंद होती. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कॉलेजचं पत्र लावून सोलापूरला जात पडताळणी समितीच्या कार्यालयात दिली. पुढे महिनोन्‌महिने काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाचीच्या ईमेलवर प्रमाणपत्र आलं. त्या दिवशी अक्काने मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "आज्ज्याची शाळा नातीला कामाला आली बघ."

हे लांबवून सांगितलं, कारण पुढच्या सगळ्या कागदांमध्ये हाच सगळ्यात जास्त वेळ खातो. बाकीचे पंधरा-वीस दिवसांत होतात. हा नाही.

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला, सीईटीचा जूनमध्ये. आता नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, आणि उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर आमच्याकडे होतं, पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. प्रवेशाला चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेलं लागतं. म्हणून तो अर्ज १ एप्रिलनंतर केव्हाही, पण मे महिन्यातच टाकलेला बरा. आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात सेतूत गेलो आणि नेमकी त्याच आठवड्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. १ जुलैपासून तहसीलच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला, दोन्हीसाठी तालुक्यातल्या सगळ्या आयाबाया एकाच वेळी रांगेत. अक्काही त्यांतच, एका हातात स्वतःचा अर्ज आणि दुसऱ्या हातात पोरीचा. पुढे सरकारने पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली तेव्हा कुठे गर्दी ओसरली.

तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल मिळवायला दाजी सकाळी सातलाच त्यांच्या घराच्या रस्त्यावर उभे राहायचे. भाऊसाहेब माणूस चांगला, पण त्यांच्याकडे गावं तीन. "अण्णा, तुमच्या पोरीचं मी थांबवणार नाही, पण सर्व्हर चालू दे," असं म्हणत त्यांनी शेवटी एका रविवारी काम करून दिलं. सरकारी फी तेव्हा ३३ रुपये ६० पैसे होती. सेतूतल्या पोराने शंभर घेतले, आम्ही दिले. दाखला आल्यावर त्याची फोटोप्रत काढून समाधान मानू नका. आपले सरकार या सरकारी पोर्टलवरच्या खात्यावर जाऊन बारकोड असलेली मूळ पीडीएफ उतरवून घ्या, आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. का ते पुढे येईलच.

याच धामधुमीत ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत. आधी ती निम्मी होती. म्हणजे आमच्यासाठी थेट ५६ हजारांचा फरक. व्हॉट्सॲपवर मात्र "मुलींचं शिक्षण पूर्ण मोफत" असं फिरत होतं. तसं ते नाही. मी निर्णयाची प्रत काढून पेनाने खुणा करत वाचली. दोन गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेज पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला सवलत नाही. आणि सवलत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कापुरती. विकास शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, मेस हे सगळं आपलं आपण.

पहिल्या मुद्द्यावरून घरात जरा वादही झाला. एका ओळखीच्या माणसाने दाजींना सांगितलं होतं की अमुक एका नामांकित कॉलेजात "वरून" जागा करून देतो, दोन लाख लागतील. दाजींचं मन हललं होतं. मी म्हटलं, दाजी, दोन लाख तर जातीलच, वर चार वर्षांची सवलतही जाईल. कागदावर हिशोब मांडून दाखवला तेव्हा पटलं. भाचीने पसंतीक्रम भरताना कॉलेजचं नाव, शाखा आणि फी तिन्ही बघितलं. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली प्रत्येक कॉलेजची फी त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. विकास शुल्क किती आहे तेही तिथेच बघा, कारण ते आपल्या खिशातून जातं.

ऑगस्टच्या मध्यावर जागा मिळाली. १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरलं आणि कॉलेजात गेलो. तिथे फीच्या खिडकीवर पूर्ण रकमेची पावती समोर आली. मी शांतपणे शासन निर्णयाची प्रत पुढे केली. खिडकीतल्या मॅडमनी ती वाचलेली होतीच. त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि तोडगा निघाला : शिक्षण शुल्क आत्ता घेत नाही, पण शिष्यवृत्ती आली नाही तर पालक भरतील असं हमीपत्र द्या. मी मसुदा वाचला. त्यात "कोणत्याही कारणाने" असे शब्द होते. ते खोडून "विद्यार्थिनीचा अर्ज शासनाने नामंजूर केल्यास" असं करून घेतलं. कुणी खळखळ केली नाही. विचारलं नसतं तर मात्र कुणी आपणहून बदललंही नसतं.

त्या दिवशी विकास शुल्क, विद्यापीठाचं शुल्क, अनामत मिळून १८,५०० भरले. कात्रजजवळच्या खासगी वसतिगृहाचे मेससकट महिन्याला ७,५००, शिवाय एक महिन्याचं डिपॉझिट. जुना लॅपटॉप २२ हजारांना घेतला. शिष्यवृत्तीचा एक रुपयाही अजून दूर होता आणि पन्नास हजारांच्या वर गेले होते. या पैशाची सोय कुणी सांगत नाही. सगळ्या योजना नंतर पैसे देतात, आणि खर्च आधी होतो. आमच्या घरी दाजींनी ठेवलेली तूर विकली, आणि माझ्या ऑफिसातल्या भिशीचा नंबर मी मैत्रिणीशी बदलून अलीकडे घेतला. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनी पहिल्या सहा महिन्यांचा खर्च कुठून येणार हे प्रवेशाच्या आधी बसून ठरवावं, सावकाराकडे जायची पाळी येऊ देऊ नये.

सप्टेंबरमध्ये महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज. एका रविवारी भाची माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघी सकाळपासून लॅपटॉपसमोर. आधार क्रमांक टाकून ओटीपीने खातं उघडायचं, त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. मग वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह असे टप्पे. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवावा लागतो. भाचीने फोनवरच्या ॲपने सगळे कागद लहान केले, मला ते येत नव्हतं. सध्याच्या अभ्यासक्रमात कॉलेज निवडताना सारख्या नावाची दोन-तीन कॉलेजं दिसतात, कोड जुळवून घ्या. कॅपचा अर्ज क्रमांकही इथे लागतो. योजनांच्या यादीत इतर मागास प्रवर्गासाठी दोन जवळपास सारख्या नावांच्या योजना दिसल्या. त्यातली कोणती निवडायची हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या मॅडमना विचारून ठरवलं. अर्ज झाल्यावर त्याची प्रत आणि सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती त्यांच्याकडे द्यायच्या, कारण पहिली तपासणी कॉलेजच करतं आणि मग अर्ज खात्याकडे जातो.

दरम्यान राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलही चाळलं. बारावीत बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणाऱ्यांना केंद्राची एक योजना आहे, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. पण दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ती मिळत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. एकच निवडायची वेळ आली तर आमच्या बाबतीत उत्तर सरळ होतं, १ लाख १२ हजारांची सवलत मोठी. ज्यांची फी कमी आहे, उदाहरणार्थ शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुली, त्यांचा हिशोब उलटा येऊ शकतो. म्हणून आकडे मांडा, शेजारच्या मुलीने काय घेतलं ते बघून ठरवू नका.

ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान. सरकारी कर्मचारी निवडणुकीच्या कामात, अर्ज जिथल्या तिथे. भाची रोज रात्री लॉगिन करून बघायची आणि मला तोच तोच स्क्रीनशॉट पाठवायची. एकदा तिने विचारलं, "मावशी, नाहीच आली तर?" मी हमीपत्रावर सही केलेली होती. "बघू," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

डिसेंबरमध्ये अर्ज परत आला. कारण : उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. सेतूतल्या पोराने दिलेली फोटोप्रत स्कॅन होऊन, वर लहान होऊन चढली होती. त्यावरचा बारकोड काळा डाग दिसत होता. ईमेलवर ठेवलेली मूळ पीडीएफ त्याच रात्री चढवली आणि अर्ज पुन्हा पाठवला. परत आलेला अर्ज दुरुस्त करायला मुदत असते आणि तिचा एसएमएस येईलच असं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून बघाच. रोज बघून फक्त झोप उडते.

याच महिन्यात वसतिगृहाच्या खर्चासाठी दुसरी वाट धरली, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या ज्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा नाही, त्यांच्यासाठी ही आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार : भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. पण जिल्ह्याला जागा ६०० आणि निवड गुणांवर. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि ज्या शहरात शिकता तिथले रहिवासी नसावेत. कागदांत वसतिगृहाचा भाड्याचा पुरावा, कॉलेजचं बोनाफाइड, हजेरी आणि स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र. ऑक्टोबरमध्ये शंभराच्या स्टँपची जागा पाचशेच्या स्टँपने घेतली होती, त्यामुळे कोर्टाबाहेरच्या टेबलवाल्याने आधी पाचशेचाच मागितला. कार्यालयात फोन करून विचारलं तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालणार होतं. आधी विचारा, मग स्टँप घ्या.

खासगी ट्रस्टांचं जग वेगळंच निघालं. पुण्यात ते पेठापेठांत आहेत, जाहिरात करत नाहीत, आणि नोव्हेंबरच्या आत बहुतेकांचे अर्ज संपतात. एका छोट्या ट्रस्टचा पत्ता माझ्या ऑफिसातल्या काकांनी दिला. जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर तीन वृद्ध विश्वस्त. भाची घाबरून गेली होती. त्यांनी गुणपत्रिका पाहिली आणि मग विचारलं, तुमच्याकडे यंदा तूर किती झाली, भाव काय मिळाला. पोरगी एकदम मोकळी झाली, शेंग पोखरणाऱ्या अळीपासून आडतीपर्यंत सगळं सांगत सुटली. मला वाटतं, घरच्या परिस्थितीचा दाखला त्यांनी तिथेच तपासून घेतला. १० हजारांचा चेक मिळाला. अट एकच, प्रत्येक सत्राचा निकाल लागला की हाताने लिहिलेलं पत्र पाठवायचं. ती पाठवते. स्वस्त वसतिगृह हवं असेल तर १९५५ पासून पुण्यात काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीकडे बारावीचा निकाल लागताच चौकशी करा. गरजू ग्रामीण मुलामुलींसाठी त्यांची वसतिगृहं आहेत. आमचा प्रवेश ऑगस्टमध्ये पक्का झाला, तोवर तिथल्या जागा भरल्या होत्या.

जानेवारी २०२५ मध्ये शिष्यवृत्ती विभागातल्या मॅडमनी सगळ्या मुलींना आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते तपासायला लावलं. भाचीचं बार्शीतल्या राष्ट्रीयीकृत बँकेत खातं, पासबुकावर आधार क्रमांक छापलेला, म्हणून आम्ही निश्चिंत. आधारच्या संकेतस्थळावर बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एक पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं होतं, तिला पत्ताही नाही. केवायसीसाठी आधार देणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी आधार जोडलेलं असणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे ज्या बँकेशी आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे जातात. बार्शीच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडण्याचा वेगळा फॉर्म भरला. आठवड्याभरात संकेतस्थळावर बँकेचं नाव बदललेलं दिसलं. एवढ्यासाठी भाचीला एक दिवस कॉलेज बुडवून गावी जावं लागलं, एसटीचं अर्धं तिकीट तेवढं सरकारच्या कृपेने.

मार्चमध्ये अर्ज मंजूर झाल्याचं दिसलं. पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. लॉगिन करून व्हाउचर "रिडीम" करावं लागतं, ओटीपी टाकून. ते केल्यावर आमच्या बाबतीत शुल्काचा पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात जमा झाला. वर्गातल्या दोन मुलींचे व्हाउचर नुसते पडून होते, त्यांना वाटलं आपोआप होतं. दुसरा हप्ता जूनमध्ये. तो जमा झाल्यावर मी खिडकीवर जाऊन हमीपत्र परत मागितलं. मॅडम हसल्या, "आजवर कुणी मागितलं नव्हतं हो." फाइलमधून काढून दिलं. त्यावर "रक्कम प्राप्त" असा शेरा आणि शिक्का मारून घेतला, आणि एक प्रत त्यांना ठेवायला दिली.

वर्षाचा ताळेबंद असा : शिक्षण आणि परीक्षा शुल्क शून्य. कागदपत्रं, प्रती, प्रवास मिळून साधारण ४ हजार. घरातून गेलेले, वसतिगृह, मेस, लॅपटॉप, पुस्तकं धरून, १ लाख २५ हजारांच्या आसपास. त्यातले १० हजार ट्रस्टचे. वसतिगृह खर्चाच्या सावित्रीबाई फुले आधार योजनेच्या निवड यादीत भाचीचं नाव आहे, रक्कम अजून यायची आहे. ती आली की माझी भिशी फिटेल, असं दाजी भेटतील तेव्हा बजावतात. मी नको म्हणते, ते ऐकत नाहीत.

आता दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण. त्यात सगळं पुन्हा भरावं लागत नाही. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि नव्या वर्षाच्या फीचा तपशील चढवायचा, बाकी माहिती आधीची दिसते. पण आमच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत एक वर्षाचीच होती, तो नवा काढावा लागतोय. दाजींनी या खेपेला मे महिन्यातच भाऊसाहेबांना गाठलं. आणि अक्काने धाकट्याच्या पडताळणीचे कागद बहिणीच्या प्रमाणपत्राची प्रत वर लावून पिशवीत भरून ठेवलेत. तो यंदा अकरावीला आहे. रक्ताच्या नात्यातलं वैधता प्रमाणपत्र जोडलं की समितीसमोरचं काम बरंच सोपं होतं, त्यामुळे पुन्हा ते जीर्ण रजिस्टर उघडायला गुरुजींना त्रास द्यावा लागू नये.